रिकाम्या केबिनमधले तीन ठोके

भूतखेत, देवदेवस्की यातलं मी काहीच मानत नाही. आजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हाच ते सगळं आमच्या घरातून गेलं. म्हणून हे लिहिताना माझीच मला चीड येतेय.

अवसरी बुद्रुकच्या एका शेडमध्ये मी फिटर आहे. लडाखसाठी लोखंडी केबिन बनवतो. अंगणात एकदा पूर्ण उभी करायची, पॅनलवर खडूने नंबर टाकायचे, सुटी करून ट्रकमध्ये भरायची. पॅनल इतकं जाड की आतला माणूस बोललेला बाहेर कळत नाही. म्हणून माझी आणि चुलतभाऊ दौलतची पान्याची खूण ठरलेली — दोन ठोके म्हणजे आवळ, तीन म्हणजे खोल.

मागच्या मालाची तक्रार आली, झरोक्यातून वारा येतो. शेठ म्हणाले, "एवढ्या थंडीत भोक ठेवताच कशाला? बुजवा." आम्हालाही पटलं... आमच्या गावी, शिनोलीत, धुकं पडलं तरी कानटोपी घालणारी माणसं आम्ही. झरोक्यात फोम मी भरला. वर पत्राही मीच मारला.

एप्रिलमधली दुपार. केबिन रिकामी, दाराला बाहेरून कडी. मी आणि दौलत समोर चहा पीत होतो. झरोक्यापाशी आतून ठोके पडले. तीन.

दौलत हसला. "भाऊ, मी तर हितं हाय. आत कोण खोल म्हनतंय?"

कडी काढली. आत कोणी नाही. बाहेर अंग भाजत होतं आणि तो पत्रा हाताला बर्फासारखा गार. दौलतनेही हात लावून पाहिला. मग तो हसला नाही.

मी कटर उचलला. शेठ ओरडले, "तापला की पत्रा वाजतोच. येडा झाला का? गाडी भरायचीय."

मी कटर खाली ठेवला.

केबिन बसवायला दौलतच गेला. तिकडे त्या वर्षी सप्टेंबरातच बर्फ पडला, वादळात दार बाहेरून गाडलं गेलं. आत रॉकेलची शेगडी पेटलेली, हवेला वाट नाही. तो झरोक्याखाली सापडला, हातात पाना. शेजारच्या केबिनमधला सोबती फोनवर रडत होता, "ठोके आईकले व्हते राव. तीन-तीन. मला वाटलं, वाऱ्यानं पत्रा वाजतोय."

शेठ म्हणाले, नशीब. नवीन केबिनला आता झरोका ठेवतात.

एप्रिलमध्ये आत कोण होतं, ते आजही मला सांगता येत नाही. पण ते काय सांगत होतं, ते मला कळलं होतं... ती खूण आम्हा दोघांचीच होती.