बंदी क्षेत्रातले अठरा दगड

ती घटना आठवली की आजही मला स्वतःचाच राग येतो. महाराष्ट्र पोलीस दलातून निवृत्त झाल्यावर मी दुबईतल्या एका सहल कंपनीत सुरक्षा अधिकारी होतो. सीमेलगतच्या डोंगरात, बंदी क्षेत्रातून, आम्ही वाटाड्यासह पायी सहली नेत असू. परवान्यावर नाव असलेलीच माणसं, आखून दिलेलीच वाट आणि फाटकावर जाता-येता मोजणी. ठाण्यातली सवय म्हणून प्रत्येक फेरीची नोंद मी स्वतः करायचो.

एका सकाळी सीमेवरच्या गस्ती अधिकाऱ्याचा फोन आला. आमची वाट सीमेपाशी जिथे वळते, त्या वळणावर कोणीतरी दगड रचत होतं आणि ढीग वाढत होता. चोरट्या वाटेची खूण, असा त्याला संशय. तो म्हणाला, "दो दिन में आदमी दो, नहीं तो परमिट खलास."

मी जाऊन पाहणी केली. दगड अठरा. नोंदवही चाळली, तर एकाच वाटाड्याच्या फेऱ्या बरोबर अठरा. तो रत्नागिरीकडचा, पन्नाशीचा, दुबईत मुहैस्नाहच्या कामगार कॅम्पात राहणारा. त्याला समोर बसवलं आणि जुना पोलिसी खाक्या काढला.

"खुणा कोणासाठी करतोस?"

"मी खुणा नाय करत, साहेब."

"खोटं बोललास तर नोकरी जाईल, व्हिसा रद्द होईल. घरी काय सांगशील?"

त्याचे डोळे भरले, पण उत्तर बदललं नाही. गडी कसलेला दिसतो, असं मी मनात म्हटलं.

दुसऱ्या दिवशी त्याच्याच फेरीत मी शेवटचा माणूस म्हणून चाललो. दुबईतल्या करामा वस्तीतली दोन भारतीय कुटुंबं होती, मुलं इंग्रजीत कुरकुरत होती. वळणावर त्याने सगळ्यांना पुढे जाऊ दिलं, बूट काढले, एक दगड ढिगावर ठेवला आणि हात जोडले.

"हे काय?" मी विचारलं.

"हद्दीचा राखणदार, साहेब. आमच्याकडं घाटात त्याला दगड वाहतात. एवढी माणसं घेऊन जातो, सुखरूप परत येऊ देत म्हणून."

"मग काल का बोलला नाहीस?"

"तुम्ही खुणांचं विचारलंत. देवाचं कुठं विचारलंत?"

गुन्हा आधीच ठरवून मी प्रश्न विचारला होता, आणि तेवढ्यावर एका निरपराध माणसाला परत पाठवायला निघालो होतो. त्याचा जबाब मी नीट लिहून घेतला आणि गस्ती अधिकाऱ्याला सगळं समजावलं. त्याने शांतपणे ऐकलं. "आदमी ठीक है. लेकिन पत्थर हटाओ," एवढंच म्हणाला.

वाटाड्याने दगड एकेक करून उतरवले. नोकरी राहिली.

पुढच्या फेरीला मी पुन्हा सोबत गेलो. वळणावर तो थांबला, दगडासाठी खाली वाकला आणि माझ्याकडे पाहून रिकाम्या हाताने पुढे निघाला. संध्याकाळी फाटकावर त्याने माणसं तीनदा मोजली. मग मीही एकदा मोजली.