दत्तूमामा आणि गिळलेली ओळ

सर्व्हरला स्क्रू ड्रायव्हर लावून ऐकणारा माणूस मी एकच पाहिला. मिरकरवाड्याच्या मच्छीमार सोसायटीत मी नोकरीला लागले त्या सकाळी दत्तूमामा स्क्रू ड्रायव्हरचं टोक सर्व्हरच्या डब्याला आणि मूठ कानाला लावून उभे होते. "पंखा बरा हाय," म्हणाले. वर्षानुवर्षं ट्रॉलरची इंजिनं सांभाळून आता ते ऑफिसचा जनरेटर, बॅटऱ्या आणि माझा सर्व्हर सांभाळायचे.

मशीन काय म्हणतंय ते कोणीतरी मोठ्याने वाचल्याशिवाय ते हात लावत नसत. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, म्हणून वाचणारी मी. इंग्रजी शाळेत शिकूनही चार माणसांत माझा आवाज फुटत नसे. "मोठ्यान वाच गो बाय. बांगड्याशी बोलतेस काय?"

तिसऱ्या महिन्यातली गोष्ट. दुपारी मामांनी बॅटऱ्या बदलल्या, त्यासाठी सर्व्हर बंद केला. परत चालू केल्यावर लिनक्स सुरू झालं, पण लिलावाचा प्रोग्रॅम उठेना. चारला लिलाव, आणि बोटींचे नंबर त्याच प्रोग्रॅममधून निघायचे. धक्क्यावर मासळी उतरत होती. सेक्रेटरी दारात आले. "पुण्याच्या माणसाला बोलावू? उद्या येईल."

"उद्यापर्यंत मासळी थांबंल काय?" मामा म्हणाले. "वाच."

मी पडद्यावरच्या ओळी वाचू लागले. मामांचं बोट प्रत्येक ओळीवरून सरकत होतं. मी पुढची ओळ वाचली तरी ते एका ओळीवरून हललं नाही. "ही गिळलीस."

गिळली होती. प्रोग्रॅम ज्यात नोंदी लिहितो ती लॉगची फाइल उघडायची त्याला परवानगी नाही, असं त्या ओळीत होतं. दिसताक्षणी मला कळलं होतं. आदल्या दिवशी सेक्रेटरींनी रूटचा, म्हणजे सर्वाधिकाराचा पासवर्ड फक्त प्रिंटर जोडायला दिला होता. मी त्याच अधिकारात लिलावाचा प्रोग्रॅमही चालवून पाहिला आणि फाइल रूटच्या नावावर झाली; सर्व्हर बंद होऊन पुन्हा चालू होईपर्यंत ते कळलं नाही. ती सोडवायला पुन्हा तोच पासवर्ड हवा होता. तो मागायचा तर चूक सांगावी लागणार होती, आणि माझी नोकरी अजून कायम झाली नव्हती.

मी ती ओळ वाचली. मग सेक्रेटरींकडे वळून बाकीचंही सांगितलं.

ते काही बोलायच्या आत मामा म्हणाले, "म्हणजे मालकानं कुलूप घातलान, नि आता बोट चालवणाऱ्या तांडेलाला उघडेना. मालकालाच बोलवा की."

सेक्रेटरींनी पासवर्डचा कागद ठेवलेलं कपाट उघडलं. मी फाइलची मालकी लिलावाच्या खात्याला परत दिली, प्रोग्रॅम चालू केला. पडद्यावर हिरव्या अक्षरांत 'ॲक्टिव्ह' उमटलं. चारच्या ठोक्याला धक्क्यावरच्या भोंग्यातून पहिल्या बोटीचा नंबर पुकारला गेला.

"आता ह्यापण वाच," मामा हिरव्या अक्षरांकडे बोट दाखवून म्हणाले. मी वाचलं. खिडकीखालच्या बर्फवाल्यांनी वर पाहिलं.

नोकरी कायम झाली. यंदा मामा निवृत्त झाले. निरोपाचं भाषण कोणी करायचं, असं सेक्रेटरींनी विचारताच मी हात वर केला. भरलेल्या सभागृहात दोन पानं खणखणीत वाचली. पहिल्या रांगेत बसून मामा बोटांवर ओळी मोजत होते.