काळ्या दोऱ्याची बाटली

हसायचं असेल तर आधी हातातला चहा संपवा. मागच्या वेळी हे सांगताना आमच्या मोंढ्यातला एक जण ठसका लागून पोत्यावरून खाली आला होता! तर सांगतो. माझ्या नाकानंच माझं नाक कसं कापलं, त्याची ही गोष्ट आहे.

आता माझं नाक म्हणजे साधंसुधं नाही बरं का. कळंबच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, माझी अडत आहे. सोयाबीनचा दाणा दाताखाली फोडला की ओल किती ते सांगतो. तुरीच्या पोत्यात नुसता हात घालून वास घेतला की माल यंदाचा का गेल्या सालचा, ते सांगतो. कधी चुकलो असं कुणी दाखवून द्यावं!

आणि आमचे साडू, पुण्याचे शिरीषराव. दिवाळीत सासुरवाडीला सगळे जमलो होतो. ह्यांनी महागाची वाईन काढली, लांब दांड्याच्या ग्लासात दोन बोटं ओतली. मला तहान लागलेली, मी एका घोटात खलास केली. तर हा गृहस्थ सासऱ्यांसमोर, मेव्हण्यांसमोर म्हणतो कसा, "दत्ताराव, हे उसाचा रस प्यायल्यासारखं प्यायचं नसतं हो!"

सगळे खो खो हसले. सुनंदासुद्धा हसली. माझी बायको! सांगा, कसं सहन करायचं?

त्याच दिवशी ठरवलं, ह्या माणसाला आपल्या घरी, आपल्या पैशात, स्वस्तातली वाईन पाजायची आणि 'वा' म्हणायला लावायचं. मोबाइलवर व्हिडिओ बघायला सुरुवात केली. आणि खरं सांगतो, वाईनमध्ये अवघड काहीच नाही. धान्यासारखंच आहे. रंग बघायचा, वास घ्यायचा, जिभेवर घोळवायचं. महाग बाटलीत निम्मे पैसे कागदाचे आणि काचेचे असतात. रोजच्या घरच्या जेवणाला साधी, कोरडी, लाल वाईन झकास. लाल असली तरी आपल्याकडच्या उन्हाळ्यात जरा गार करून घ्यावी. काळ्या मसाल्याच्या मटणाबरोबर तर विचारू नका!

धाराशिवला कामाला गेलो होतो, तिथून नाशिककडची एक बाटली आणली. घरी चाखून बघितली. अगदी मनासारखी! निवड पक्की करायच्या नादात पाव बाटली संपली, तो भाग वेगळा.

शिरीषराव लातूरला लग्नाला जाताना आमच्याकडे मुक्कामाला येणार होते, त्याला अजून चार दिवस होते. व्हिडिओवाला म्हणाला होता, उरलेली वाईन लहान बाटलीत काठोकाठ भरून ठेवा, हवा लागली नाही की टिकते. पण ठेवायची कुठं? आमच्या घरात तात्या आहेत. माझे वडील. मी पन्नाशीला आलो, तरी त्यांच्यासमोर साधी सुपारी तोंडात टाकत नाही. आणि फ्रिज दिवसातून दहा वेळा तात्याच उघडतात.

मग मी डोकं चालवलं. तात्यांना भूक लागावी म्हणून वैद्यांनी द्राक्षारिष्ट दिलंय. जेवण झालं की दोन झाकणं औषध, तेवढंच पाणी. त्याची एक रिकामी बाटली धुऊन त्यात वाईन भरली. फ्रिजमध्ये तात्यांच्या नव्या कोऱ्या बाटलीच्या मागं दडवून ठेवली. घोळ नको म्हणून माझ्या बाटलीच्या गळ्याला काळा दोरा बांधला. आहे का नाही हुशारी? औषधाच्या बाटलीत कोण डोकावतंय!

चौथ्या दिवशी संध्याकाळी शिरीषराव आले. सुनंदानं स्वयंपाकघरात मला गाठलं.

"आवो, माझ्या माहेरात आपलं हसं झालंय एकदा. आज मिरवू नका."

"तू मटणाकडं बघ. वाईनचं माझ्यावर सोड."

"तुमच्यावर सोडलं की मला धास्ती वाटती!"

फ्रिज उघडला. आत एकच बाटली, आणि तिला दोरा नाही. क्षणभर थबकलो, पण लगेच उलगडा झाला. तात्यांनी त्यांची बाटली खोलीत नेली असणार, आणि गारव्यानं दोरा ढिला होऊन गळून पडला असणार. सोपं आहे!

बैठक गच्चीवर मांडली, कारण तात्यांचे गुडघे धरलेले. दोन वर्षांत त्यांनी जिन्याची पहिली पायरी चढली नव्हती. गच्चीइतकी सुरक्षित जागा घरात दुसरी नाही. तरी खबरदारी म्हणून पेले स्टीलचे घेतले. कुणी आलंच तर सरबत म्हणता येतं.

बाटलीचं झाकण फिरवलं तर कटकन आवाज आला.

"हवा आत जाऊ दिली नाही मी. तोच हा आवाज," मी म्हणालो.

शिरीषराव बाटलीकडे बघत म्हणाले, "औषधाच्या बाटलीत?"

"घरात वडीलधारे आहेत. तुम्ही बाटली नका बघू, चव बघा."

ओतली. जरा दाट वाटली. म्हटलं, मुरली. घोट घेतला. गोड! कोरडी आणली होती, गोड कशी झाली? म्हटलं, मुरल्यावर होत असेल. तेवढ्यात माझं नाक जागं झालं आणि मी सुटलो, इतका मोठ्यानं की पापड घेऊन येणारी सुनंदा जिन्यातच थांबून ऐकत राहिली.

"दालचिनी आली का नाकात? थांबा, मागनं वेलदोडा येतोय. आता मिरं. शेवटी गूळ! आपल्या मातीतला गूळ!"

शिरीषरावांनी डोळे मिटले, पेला फिरवला, घोट जिभेवर घोळवला. मी श्वास रोखून बसलो. दिवाळीपासून ह्याच घडीची वाट बघत होतो ना!

"वा!" शिरीषराव म्हणाले. "दत्ताराव, मानलं तुम्हाला. दमदार आहे. कितीला पडली?"

मी आकडा सांगितला. ते उडालेच! तिथल्या तिथं मोबाइल काढून सासुरवाडीच्या ग्रुपवर टाकलं, 'दत्तारावांची निवड एक नंबर, वाईन शिकावी तर कळंबात.' सासऱ्यांचा अंगठा आला. मेव्हण्यांच्या टाळ्या आल्या. माझी छाती अशी फुगली म्हणता, सदऱ्याचं बटण तुटायचं बाकी होतं.

आणि जिन्यात पावलं वाजली.

"दत्ता! आरं दत्ता!"

तात्या! कठड्याला न धरता, तरण्या पोरासारखे वर आले. हातात औषधाची बाटली. आणि बाटलीच्या गळ्याला काळा दोरा.

मी आमची बाटली हळूच खुर्चीमागं सरकवली.

"बघा पाव्हणं, जिना चढून आलो!" तात्या खुर्चीत बसत म्हणाले. "ह्या पोराची किमया हाय. बापाच्या औषधाला दिष्ट लागू नये म्हणून काळा दोरा बांधून ठिवला. मला एका शब्दानं सांगितलं न्हाय! फ्रिजात दोरा दिसला, आन् डोळ्यात पाणीच आलं बघा. बाटली उचलली ती सरळ उशाशी ठिवली. चव जरा येगळी लागली, म्हटलं नवी बाटली हाय. चार दिस झालं, भूक लागती, झोप लागती, गुडघं लोण्यावानी झालेत!"

बापाच्या डोळ्यांत माया, साडूच्या हातात पेला, आणि मी मधे घामाघूम. तात्यांना सांगावं तर ग्रुपवरची इज्जत जाते. न सांगावं तर बाप रोज दोन वेळा वाईन पितोय!

"घ्या पाव्हणं, तुमीबी घ्या." तात्यांनी झाकण भरून शिरीषरावांपुढं धरलं.

शिरीषरावांनी घेतलं. महागाच्या वाईनीवर पोसलेला तो माणूस, तोंड कडू करून म्हणाला, "तात्या, हे औषध बिघडलंय. आंबट लागतंय. टाकून द्या."

"आंबट? मग तुमी काय पेताय?"

"कोकम सरबत, तात्या," मी घाईनं म्हणालो.

तात्यांनी माझ्या हातातला पेला काढून घेतला. वास घेतला. एक घोट घेतला. पुन्हा वास घेतला.

"आरं, हे तर माजं औषध हाय."

तेवढ्यात मटणाचं पातेलं घेऊन सुनंदा वर आली, ती जिन्याच्या तोंडाशीच थांबली.

"मग म्या चार दिस काय पेलो?" तात्यांनी विचारलं.

सांगावं लागलं. दिवाळीपासून दोऱ्यापर्यंत आणि आजच्या चाखण्यापर्यंत सगळं. लाज वाटली हो, लई लाज वाटली. बापानं दोऱ्यात माया बघितली होती, आणि मी दोरा कशासाठी बांधला होता?

तात्यांनी पेल्यातलं औषध संपवलं. मग सुनंदाला म्हणाले, "सूनबाई, तुमी जिन्यात होता. ह्यानं काय काय वळखलं म्हणं?"

सुनंदानं पातेलं खाली ठेवलं आणि बोटांवर मोजत सांगितलं, "दालचिनी. वेलदोडा. मिरं. गूळ."

"बरोबर हाय," तात्या म्हणाले. "समदं त्यात हाय. वैद्यानं मला हेच सांगितलंय. नाक चोख हाय पोराचं. दालचिनी वळखली, गूळ वळखला, फकस्त औषध वळखलं न्हाय!"

शिरीषराव हसायला लागले, आणि मग आठवून एकदम थांबले. ग्रुपवर सासऱ्यांचा निरोप आला होता, 'नाव कळवा, आम्हीपण मागवतो.' ते उत्तर आम्ही दोघांनी अजून दिलेलं नाही.

आता आमच्या फ्रिजमध्ये वाईनची बाटली उघड उभी असते, तिच्या कागदासकट. तात्या एक थेंब घेत नाहीत, जिनाही चढत नाहीत. पण रात्री जेवण झालं की एक झाकण भरून माझ्या नाकाखाली धरतात. "सांगा अडतदार, औषध का वाईन?"

मी डोळे मिटतो, दीर्घ वास घेतो आणि छाती पुढं काढून ठणकावून सांगतो.

काल पुन्हा चुकलो. झाकणात कोकम सरबत होतं.