रिकाम्या खोलीचं चित्र

माणिक गेल्याचा फोन आला तेव्हा मी परळीच्या स्टेशनावर उभा होतो, आणि मनात पहिलं काय आलं म्हणता? उद्याच्या चाचणीला आता दार कोण सांभाळणार! लाज वाटते, पण खरं तेच. रडायला दोन दिवस लागले.

आम्ही एकाच कॉलेजात शिकवायचो. त्याचं संशोधन रडारचं. घर कोसळलं तर भिंतीआड माणूस आहे का, याचं चित्र बाहेरूनच काढायचं. युसूफ वडगाव या गावचा हा गडी आठ वर्षं त्या एका भिंतीला चिकटून होता. भिंतीबाहेर रुळावरून अँटेना केसभरही न हुकता सरकवायची, ते मोटरीचं नियंत्रण माझं. जरा थरथरली की आतून ओरडायचा, "कावून हलवायलास बे?"

रीत साधी होती. आधी रिकाम्या खोलीचं चित्र घ्यायचं, मग पुढच्या प्रत्येक चित्रातून ते वजा करायचं. नवं असेल तेवढंच उरतं. त्यासाठी माणिक चहाचा कपसुद्धा बाहेर ठेवायचा. मग मधेच कुणी घुसू नये म्हणून दार लावून स्वतः कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसायचा, हूं की चूं न करता... "चालू कर, खोली रिकामी हाय!" आणि मी शहाणा चालू करायचो.

महिन्याभरानं त्याच्या पेपरवर तपासणाऱ्यांचं पत्र आलं. एक चाचणी पुन्हा करून दाखवा, नाहीतर पेपर नाकारू. भर दुपारी एकटाच गेलो. आत कुणी नाही हे दोनदा पाहिलं, कुलूप घातलं, अँटेना सरकवली, रिकाम्या खोलीचं माणिकच्या वेळचंच जुनं चित्र वजा केलं. पडद्यावर कोपऱ्यात उजळ डाग आला. बसलेल्या माणसाचा येतो, अगदी तसा. अंगावर सर्रकन काटा आला. कुलूप काढून पाहिलं, तर खुर्ची रिकामी. पुन्हा चित्र घेतलं. पुन्हा तो बसलेलाच!

तासाभरानं डोक्यात प्रकाश पडला. रिकाम्या खोलीच्या चित्रात माणिक स्वतःच होता. कप बाहेर काढणाऱ्यानं स्वतःला धरलंच नव्हतं. पुढं दर वेळी तो तिथंच बसायचा, म्हणून वजाबाकीत जुळून जायचा. आता तो नव्हता, आणि वजाबाकीत वाढलेलं असो की कमी झालेलं, दोन्ही उजळच येतं, म्हणून दिसत होता. कारण कळलं, पण काटा काही गेला नाही.

तेवढ्यात सुनंदावहिनी, त्याची बायको, त्याची पुस्तकं न्यायला आल्या. मला लपवता येईना. सगळं सांगितलं. पेपर वाचवायचा तर खरंच रिकाम्या खोलीचं चित्र घ्यावं लागेल, आणि मग हा डाग पुन्हा येणार नाही. त्या आत गेल्या, दार लावून खुर्चीवर बसल्या. मी अँटेना सरकवली.

"दिसायलेत का हो, भाऊजी?"

त्या नेमक्या त्याच्या जागी जुळून गेल्या, डाग नाहीसा झाला होता. पडदा कोरा.

"हायत, वहिनी," मी म्हणालो.

बऱ्याच वेळानं बाहेर आल्या. पदरानं डोळे पुसून म्हणाल्या, "काढा आता तुमचं चित्र. लई जीव होता त्यांचा या कामात, अर्धं ऱ्हायला नको."

काढलं. पेपर छापायला गेला. खुर्ची तिथंच आहे, तिच्यावर कुणी बसत नाही. माणिकच्या लिखाणाला मी कुठं हात लावला नाही, फक्त चूक कबूल करणारं एक वाक्य शेवटी घातलं... आधीच्या चित्रात खोली रिकामी नव्हती.