गप्प झालेल्या फोनचंही ऐकणारी वैशालीताई

वैशालीताईनं एका पोरीचा जीव वाचवला, तेव्हा तिच्या स्वतःच्या हाताला सलाईन लावलेलं होतं.

ताई आज सकाळी सांगलीत गेली. कॅन्सरनं.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांना ती माहीत नाही. म्हणून लिहितोय.

साताऱ्यात आमचं छोटं सॉफ्टवेअरचं ऑफिस. मी रहिमतपूरहून एसटीनं येणारा. ताई शिराळ्याकडच्या एका खेड्यातली, माझी सिनियर. कोड इंग्रजीत, बाकी सगळं गावच्या भाषेत. पुण्याच्या क्लायंटलाही कॉलवर सरळ सांगायची, "न्हाई जमणार."

ती लहान असताना तिच्या चुलतीला उसात साप चावला. जवळच्या दवाखान्यात नेलं, तर विषावरचं इंजेक्शन संपलेलं. पुढं न्या म्हणाले. चुलती वाटेतच गेली.

"इंजेक्शन हुतं रं," ताई सांगायची. "दुसऱ्या रस्त्याला, जवळच. पर कुणाला म्हाईतच नव्हतं."

तिच्या हट्टापायी आमच्या ऑफिसनं सर्पदंशाची सिस्टीम बनवायला घेतली.

काम असं. साप चावल्याचा फोन आला की एक इव्हेंट सुटतो, म्हणजे 'असं घडलंय' असा निरोप. अँब्युलन्स, आसपासची रुग्णालयं, इंजेक्शनचा साठा, सगळे तो ऐकत असतात. इंजेक्शन शिल्लक असलेलं सगळ्यात जवळचं रुग्णालय ड्रायव्हरच्या मोबाईलवर दिसतं, आणि त्या पेशंटसाठी तिथली इंजेक्शनं राखली जातात. मग गाडी कुठं पोचली, त्याचे इव्हेंट एकामागून एक येत राहतात. यालाच आम्ही स्ट्रीम म्हणतो.

राखून ठेवणं सोपं असतं. सोडणं अवघड.

पेशंटवर उपचार झाले, उरलेली इंजेक्शनं दुसऱ्यांसाठी सोडा. एरर आली, सोडा. कुणी कॅन्सल केलं, सोडा.

तिन्ही लिहून झाली. टेस्ट पास. मी खूश.

तेवढ्यात ताईचं दुखणं निघालं. केमो सांगलीला. लॅपटॉप सोबत.

एक दिवस तिचा फोन.

"गाडीतल्या फोनची रेंज गेली. मग रं?"

"मग काही येणार नाही, ताई."

"पोचला म्हणून न्हाई, बिघडलं म्हणून न्हाई, कॅन्सल म्हणून पण न्हाई. मग ती इंजेक्शनं अडकली कुणासाठी?"

मी म्हणालो, "ताई, आता आराम कर. नंतर बघू."

"आरं, गप्प बसणं हा पण इव्हेंटच हाय."

मी ऑफिसच्या जिन्यात उभा होतो. तसाच वर जाऊन कोड उघडला; गप्प बसण्यासाठी त्यात एकही ओळ नव्हती.

उलट्यांच्या मधल्या वेळात तिनं ते लिहिलं. एखादा स्ट्रीम गप्प झाला की पेशंटच्या नातेवाइकांना आपोआप फोन जाणार. "येतोय" म्हणाले, तर इंजेक्शनं तशीच राखीव. "दुसरीकडं गेलो" म्हणाले, तर त्याच क्षणी मोकळी. कुणी उचललंच नाही, तर रुग्णालयातल्या माणसानं ठरवायचं, मशीननं नाही.

"मशीननं परस्पर सोडायचं न्हाई," ती म्हणाली. "आत जित्तं माणूस हाय."

पेरण्यांच्या दिवसांत, एका दुपारी, ते घडलं.

साप चावलेल्या एका शेतकऱ्याला जीपमधून आणत होते. त्याच्यासाठी जवळच्या ग्रामीण रुग्णालयातली सगळी इंजेक्शनं राखलेली. मध्येच जीपमधल्या फोनचे इव्हेंट थांबले.

त्याच वेळी डोंगराकडच्या एका वस्तीवरून एक पोरगी अँब्युलन्समध्ये निघाली. नाग चावलेला. जवळच्या रुग्णालयात साठा शून्य दिसत होता, म्हणून स्क्रीननं सांगली दाखवली. सांगली लांब होती.

गाडीवर ड्रायव्हर जाधवमामा होते, फौजेतून रिटायर झालेले. त्यांचा मला फोन.

"साहेब, पोरीच्या पापण्या मिटाय लागल्यात. सांगलीपातूर टिकायची न्हाई वो."

मी स्क्रीनवर बघत होतो. तेवढ्यात जीपवाल्यांच्या दुसऱ्या नंबरला ताईच्या प्रोग्रामनं लावलेला फोन लागला. ते कऱ्हाडला पोचले होते, तिथं इंजेक्शन सुरूही झालं होतं. त्यांनी मोबाईलवरचं 'दुसरीकडं गेलो'चं बटण दाबलं.

शून्याच्या जागी आकडा आला.

मी कशालाही हात लावला नव्हता.

"साहेब, स्क्रीन बदलली! आता जवळचं दावतीया. खरं हाय न्हवं?"

"खरं हाय, मामा. वळवा!"

संध्याकाळी मामांचा परत फोन. "पोरीनं डोळं उघडलं. आयकडं पाणी मागतीया."

दुसऱ्या दिवशी मी सांगलीला गेलो. ताईला सगळं सांगितलं. मला वाटलं रडेल, नाहीतर हसेल तरी.

तिनं विचारलं, "आन जीपमधला त्यो?"

तिथूनच फोन लावला. त्याच्या पुतण्यानं उचलला. "बरं हायत काका. आत्ताच च्या प्यालेत."

मग ती हसली. पोरीचं नाव विचारलं. आरोही, म्हणालो. तिनं ते हळूच स्वतःशी म्हणून बघितलं.

त्या दिवसापासून मी तिचा तो कोड कितीदा तरी उघडून वाचलाय. छोटासाच आहे, पानभरही नाही. स्वतःचं शरीर असं साथ सोडत असताना हे माणूस कुठल्या तरी अनोळखी जीपमधला फोन गप्प झाला तर काय, याचा विचार करत होतं.

आज दुपारी तिच्या गावी अंत्यविधीआधी बुद्धवंदना झाली. आरोहीची आई आली होती. तिला इव्हेंट, स्ट्रीम वगैरे काही माहीत नाही. ताईच्या पायांवर डोकं ठेवून ती किती तरी वेळ उठलीच नाही. कुणी उठवलंही नाही.

ताई, तुझ्याबरोबर काम करायला मिळालं, यावर माझा अजून विश्वास बसत नाही.

तुला अखेरचा जयभीम.