डॉक्टरीण आणि वस्तीची विहीर

देवमन पट्टेबहादूरची अंजना दातांची डॉक्टरीण झाली तेव्हा गावाला हसू आवरेना. दाढ दुखली की लवंग धरायची, फारच ठणकली तर लोहाराच्या सांडशीनं उपटून घ्यायची. एवढ्याशा कामासाठी नागपुरात चार-चार वर्षं शिकायचं कायले? बरं, शिकली. पण पोरगी तेवढ्यावर थांबली असती तर ती अंजना कसली! सरकारी शिष्यवृत्ती मिळवून ती विलायतेला गेली अन् तिथं सार्वजनिक आरोग्याची पदवी घेऊन बसली. म्हणजे नेमकं काय, असं चावडीवर कोणी विचारलं की देवमनला घाम फुटायचा. शेवटी त्यानं एक उत्तर ठरवून टाकलं. म्हणायचा, "पयले एकाचं तोंड पाहे, आता अख्ख्या गावाचं पाह्यते." खरं सांगायचं तर तिच्या प्राध्यापकांनाही हे याहून नीट सांगता आलं नसतं.

पदवीसोबत आठ महिन्यांचं बाहेरचं काम होतं. त्यासाठी तिला आफ्रिकेत, टांझानियातल्या डोंगराखालच्या खेड्यांत धाडलं. तिथल्या पोरांचे दात तपकिरी, चट्ट्याचट्ट्यांचे. कारण होतं पाण्यात. फ्लोराईड नावाचा क्षार जमिनीच्या पोटातून खोल पाण्यात उतरतो. दात हिरडीच्या आत घडत असतात त्याच वयात तो त्यांत शिरतो, अन् दात उगवतात तेच डागाळलेले. मग घासा नाहीतर तासा. वर्षानुवर्षं प्यालं तर हाडंही धरतात. पाण्याचा हा अहवाल तिथं कुठल्याशा कपाटात नऊ वर्षं पडून होता. एका आईनं दुभाष्यातर्फे अंजनाला विचारलं होतं, की तुम्हाला ठाऊक होतं तर आम्हाला का नाही सांगितलं? अंजनाला तिथं येऊन जेमतेम पंधरा दिवस झालेले, तिचा काय दोष? तरी त्या बाईपुढं तिची मान वर होईना.

एकोणऐंशीच्या फेब्रुवारीत ती घरी आली. नागपूरच्या नोकरीवर रुजू व्हायला महिनाभर अवकाश होता. गाव इंझोरीपासून दोन कोसांवर. नाव मी सांगणार नाही, कारण तिथली माणसं अजून आहेत अन् चांगली तिखट आहेत. शाळेचे मोहनसिंग गुरुजी म्हणाले, बाई, आलीच आहेस तर आमच्या पोरांचे दात पाहून दे. पोरं होती त्रेचाळीस. गुरुजी सगळ्यांना एका पट्टीवर बसा म्हणून रोज ओरडायचे, पण पोरं बसायची आपापल्या मोहल्ल्याप्रमाणं. उजवीकडं वरचं गाव, डावीकडं अंजनाची वस्ती. अंजनानं उजवीकडून सुरुवात केली. पहिल्या पोराचे दात तपकिरी. दुसऱ्याचे, तिसऱ्याचे, नवव्याचे तसेच. डावीकडं आली तर सगळे पांढरे स्वच्छ. नुसती दातांची डॉक्टर असती तर तिनं एकेक दात मोजून वहीत लिहिला असता. ती उभी राहिली अन् पोरांची बसायची जागा पाहत राहिली. मग तिनं गुरुजींना एकच विचारलं, कोण कुठल्या विहिरीचं पाणी पितं?

वरचं गाव पाणी पितं ते जानराव पाटलाच्या विहिरीचं. बहात्तरच्या दुष्काळात पाटलानं ती सत्तर हात खोदली अन् तळाशी आणखी बोअर मारलं. पाणी लागलं, गाव जगलं. हे पाटलाचं पुण्य कोणी नाकारू नये. वस्तीची विहीर जुनी, उथळ, तीस हातांची. डागाळलेली पोरं सगळी सात ते नऊ वर्षांची होती. ती विहीर झाली तेव्हा ती दोन-तीन वर्षांच्या आतली होती. हिशेब सरळ लागत होता.

त्या पोरांतली एक पाटलाची नात दुर्गी. ती तोंडच उघडेना. उघडलं तर हिरड्यांतून रक्त. पोरगी चोरून मिसरी लावते असं घरच्यांनी ठरवून टाकलं होतं, अन् सवय लागली ती शाळेत वस्तीच्या पोरींमुळं, हेही ठरवून टाकलं होतं. म्हणून आजी, म्हणजे कस्तुराबाई पाटलीण, रोज सकाळी तिचे दात विटकरीच्या भुग्यानं घासायची. डाग जाईना तशी जास्त जोरानं. आजीची मायाच ती, पण काय अघोरी माया! आठ वर्षांची पोर, तिनं आयुष्यात मिसरीला बोट लावलेलं नाही.

अंजनानं दोन प्लास्टिकच्या बाटल्यांत दोन्ही विहिरींचं पाणी भरलं अन् एस.टी.नं स्वतः नागपूरला नेऊन दिलं. बारा दिवसांनी कागद आला. पाटलाच्या विहिरीत फ्लोराईड चालतं त्याच्या तिप्पट. वस्तीच्या विहिरीत अगदी योग्य.

कागद ऐकून देवमनचा चेहरा पडला. आपलं पाणी चांगलं निघालं म्हणून बाप खूश होईल असं तिला वाटलं होतं, यडीच ती. छप्पनला दीक्षा घेतल्यावर वस्तीनं पहिलं काम केलं ते हे. आपली विहीर आपण खोदली. देवमन म्हणाला, "तीस हात जायाले दोन उन्हाये लागले. तुले लिंबाखाली बसवून तुह्या मायनं टोपल्या वायल्या. त्यायले कयलं का गावात गोडं पानी इथंच हाय, त उद्या इहीर त्यायची होईन. आपन मंग पानी मांगाले कोनापाशी जाव?"

बापाचं खोटं नव्हतं. अंजनानं दोन दिवस कागद पेटीतच ठेवला. माय भागिरथा आपली भाकरी थापत राहिली. वरच्या गावात ज्या लेकरांचे पक्के दात अजून हिरडीच्या आत घडत होते ती सगळी पाटलाच्या विहिरीचं पाणी पीत होती. वाचली असती तर तीच वाचली असती. अन् सांगून वस्तीची विहीर गेली असती तर वस्ती काही अंजनाला माफ करणार नव्हती, तिनं स्वतःही स्वतःला केलं नसतं. आपला कागदही कपाटात नऊ वर्षं पडू द्यायचा का, एवढंच ती स्वतःला विचारत राहिली. मग रविवारी सकाळी तिनं शाळेच्या ओसरीवर गाव बोलावलं.

कागद तिनं शांतपणे वाचला. पाटलाच्या विहिरीनं गाव जगवलं, हेही ती आधी बोलली. धुण्याभांड्याला ते पाणी खुशाल वापरा, पण लेकरांना प्यायला देऊ नका. प्यायचं पाणी सध्या एकाच ठिकाणी आहे, वस्तीच्या विहिरीत. मागून कोणी तरी पुटपुटलं की वस्तीवाल्यांनीच वरच्या विहिरीत काही टाकलं असन. दोन-चार जण उठून उभे राहिले. जानराव पाटील बसूनच बोलला.

"म्हंजे आता आमी तुमच्या इहिरीवर याव, असा कागद आनला तू विलायतेवून?"

अंजनानं तोंड उघडायच्या आत देवमन उठला. ज्यानं सांगू नको म्हणून बजावलं होतं, तोच तिच्या शेजारी येऊन उभा राहिला.

"कागद नागपूरचा हाय, पाटील," तो म्हणाला. "पोरगी माही हाय."

दुसऱ्या दिवसापासून वस्तीला हरभरा सोंगायला मजुरीवर कोणी बोलावलं नाही. विहिरीचा दोर भरदुपारी कोणी तरी कापून नेला. विहीर सरकारजमा होणार, अशी आवई उठली. वस्तीतले बाप्ये आळीपाळीनं विहिरीच्या ओट्यावर राखणीला बसून राहायचे. ज्या बायांनी अंजनाला विलायतेला जाताना ओवाळलं होतं त्या आता तिला पाहून पदर सावरत आत जायच्या. तिनं दोन वेळा बॅग भरली अन् दोन वेळा सोडली. जाणं सोपं होतं हो, पण जाऊन तोंड कुठं दाखवलं असतं?

चौथ्या दिवशी सकाळी वस्तीच्या वाटेनं कस्तुराबाई आली. एका हातात घागर, दुसऱ्या हाताला दुर्गी. मागंपुढं कोणी नाही. पाटलाला सांगून आली की न सांगता, ते तिलाच माहीत. विहिरीवर पाणी भरणाऱ्या बायांचे हात जागच्या जागी थांबले. पाटलीण ओट्यापासून दहा पावलांवर उभी राहिली. घागर तिनं जमिनीवर ठेवली अन् नजर भलतीकडं वळवली. मागितलं नाही, बोलली नाही, नुसती वाट पाहत राहिली.

पाळीवर बसलेल्या देवमनचा हात आपोआप पोहऱ्याकडं गेला. पाटलीणबाई उभी आहे म्हटल्यावर भरून द्यायला धावायचं, ही सवय काय एका दीक्षेनं जाते? पण भागिरथानं त्याचा हात धरला. तिची सासू नानीबाई उभा जन्म वरच्या गावच्या जुन्या विहिरीच्या ओट्याखाली अशीच उभी राहिली होती. घागर मातीत ठेवायची, अन् वरच्या कोणाला दया आली तर तो वरून ओतायचा. अर्धं घागरीत, अर्धं बाहेर. अंजनाला ते सगळं ऐकून ठाऊक होतं. आता माय काय बोलते, म्हणून ओट्याच्या कडेला उभी अंजना तिच्या तोंडाकडं पाहत राहिली. आलेली बाई परत गेली तर पुन्हा कोणीच येणार नव्हतं.

"पाटलीणबाई, वर या," भागिरथा म्हणाली. "अथी कोनी वरून वतत नाई. ज्यानं त्यानं आपल्या हातानं वढाव."

कस्तुराबाई हलेना. दुर्गीनं आजीचा हात सोडला, घागर उचलली अन् ती ओट्याच्या पायऱ्या चढून वर गेली. मग आजीही चढली. बायांनी सरकून जागा दिली. कस्तुराबाईनं दोर धरला, पोहरा खाली सोडला अन् ओढायला लागली. घरात पाणी भरायला गडी असलेली बाई ती, अर्ध्यावर तिचे हात भरून आले, दोर सुटायला लागला. तेव्हा भागिरथानं मागून दोराला हात लावला अन् दोघींनी मिळून पोहरा वर घेतला.