लेकीसाठी बसवलेलं लाल बटण

आमच्या घरात लेकीचा राग आवरण्याचं काम घरातल्या सगळ्यात रागीट माणसाकडे देण्यात आलं. म्हणजे माझ्याकडे.

झालं असं की, चार वर्षांच्या ओवीच्या बालवाडीतून बोलावणं आलं. तिनं एका मुलीला ढकललं होतं आणि डब्यातली पोळी भिरकावली होती. ताई म्हणाल्या, "लहान मुलांना राग येणारच हो. पण ओवी मोठ्या माणसासारखी रागावते. कमरेवर हात ठेवून ओरडते, 'किती वेळा सांगायचं?'"

"कुठून शिकतात कोण जाणे ही मुलं!" मी म्हणालो. (स्वातीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवर रंगवलेल्या हत्तीकडे पाहिलं.)

"मुलं आता तिच्याशेजारी बसायला घाबरतात," ताई म्हणाल्या. "तिला रागात थांबायला शिकवा."

थांबायला! सातपूरच्या कारखान्यात बावीस वर्षं मशीन दुरुस्त करणाऱ्या माणसाला हे सांगायचं? प्रत्येक मशीनवर मोठं लाल बटण असतं. अपघात होतोय असं दिसलं की कुणीही ते दाबायचं, मशीन जागच्या जागी बंद. मी साहेबांना विचारून भंगारातलं एक बटण आणलं आणि स्वयंपाकघराच्या दाराशी, ओवीच्या उंचीवर, स्क्रूनं पक्कं बसवलं. नियमही कारखान्याचेच. बटण दाबलं की घरातल्या सगळ्यांनी थांबायचं. ज्यानं दाबलं त्यानंच ते फिरवून सोडायचं, आणि काय बिघडलंय ते सांगायचं. सोबत एक लाल पाटीही आणली, 'दुरुस्ती चालू आहे. सुरू करू नये.' ती बिघडलेल्या यंत्राला लटकवतात हे ओवीला इतकं आवडलं की तिनं लगेच ती आमच्या मिक्सरला घातली.

पहिल्याच दिवशी कमाल झाली. मोजे घालताना ओवी किंचाळली, जमिनीवर लोळली, मग उठून धावत गेली आणि बटण दाबलं. आम्ही दोघं पुतळे! दोन मिनिटांनी तिनं बटण फिरवलं आणि म्हणाली, "मोजा टोचतो." मोज्याच्या आत खरंच प्लॅस्टिकचा दोरा होता. मी बायकोकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू बालमानसशास्त्र मीच शोधून काढलंय.

मग ओवीला सत्तेची चटक लागली. तेलात मोहरी पडली की बटण! नियमाप्रमाणे स्वाती उलथनं धरून उभी आणि मोहरी काळी ठिक्कर. माझ्या डोक्याला साबण लागला की बटण! मी डोळे मिटून बाथरूममध्ये, बादली हाताच्या अंतरावर. "अहो, तुमचा कारखाना आवरा," असं स्वाती चार वेळा म्हणाली.

आणि मग एका सुट्टीच्या दिवशी सिन्नरहून माझी मोठी बहीण आली. संध्याकाळी आक्का निघाली, एक पाय चपलेत घातला आणि ओवीनं बटण दाबलं.

"हे काय नवीन खूळ काढलं रे तू?" एका पायावर डुलत आक्का म्हणाली.

"आत्या, बोलायचं नाय!" ओवी म्हणाली. कितीतरी वेळानं तिनं बटण फिरवलं. "आत्या जाते ते बिघडलंय."

सगळे हसले. मी हसलो नाही, कारण आक्काची बस चुकणार होती आणि तिला स्टँडवर सोडायला गाडीची किल्ली सापडत नव्हती.

"किल्ली कुठाय? एक वस्तू जागेवर नसते! किती वेळा सांगायचं?" मी स्वातीवर ओरडलो.

ओवी धावली. बटण दाबलं. स्वाती थांबली, आक्का थांबली. मी थांबलो नाही. ओवीनं पुन्हा दाबलं, मग दोन्ही मुठींनी ते बडवायला लागली. "पप्पा, दाबलंय! दाबलंय ना!"

मी ते बटण भिंतीतून उपटलं. स्क्रूसकट. गिलाव्याचा पोपडा माझ्या पायावर पडला.

ओवी रडली नाही. तिनं कानांवर हात ठेवले आणि जेवणाच्या टेबलाखाली जाऊन बसली. ती रडली असती तर बरं झालं असतं, असं आजही वाटतं.

किल्ली गाडीलाच होती. मीच ठेवलेली.

वाटेत मागच्या सीटवरून आक्का म्हणाली, "आपले दादा असंच करायचे. आपण पलंगाखाली जायचो. इसरला का रे?"

दादा म्हणजे आमचे वडील. विसरलो नव्हतो. पलंगाखालची फरशी किती गार असायची, तेही आठवलं.

घरी आलो तर ओवी अजून टेबलाखालीच. मी खाली वाकलो. ती थोडी मागे सरकली. माझी लेक मला बघून मागे सरकली! मी तिथंच जमिनीवर बसलो आणि म्हणालो, "ओवी, चूक माझी होती. नियम मी मोडला." ती बऱ्याच वेळानं बाहेर आली, मिक्सरवरची लाल पाटी काढली आणि माझ्या गळ्यात घातली.

"पप्पा, तुझं बटण लागत नाय."

"मग पाटी कधी काढायची?"

"बिघडलंय ते सापडलं की."

नियम माझाच, त्यामुळे तक्रार कुणाकडे करणार? बटण पुन्हा बसवलं. आता ते दाबलं की मी थांबतो. एकदा तर 'किती वे' एवढ्यावरच थांबलो! ओवी अजून ओरडते, पण बालवाडीत एक मुलगी तिच्याशेजारी बसायला लागली आहे. घरात असलो की पाटी मात्र माझ्या गळ्यात असते. (दूधवाल्यानं विचारणं सोडून दिलंय.)

परवा मी मोठ्या आशेनं विचारलं, "ओवी, झालो का मी दुरुस्त?"

कारखान्यात बिघाड ऐकायला मी मशीनच्या बेअरिंगला लावतो तसा तिनं माझ्या छातीला कान लावला. खूप वेळ ऐकलं. मग पाटी सरळ केली आणि म्हणाली, "नाय. अजून आवाज येतोय."